देश तसा वेश, भाषा तसा कोड

हॉस्टेलमध्ये भांडणं कशावरून होत नाहीत? पंख्यावरून, बादलीवरून, मेसच्या पोळीवरून. आमच्या प्रोजेक्ट ग्रुपचं मात्र अंडरस्कोअरवरून झालं! मेसच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर. कार्ड रीडरचा कोड 'सी'मध्ये, सर्व्हर पायथनमध्ये, मोबाइल ॲप जावामध्ये. 'रूम नंबर' हे साधं नाव. पायथनवाला मध्ये अंडरस्कोअर घालणार, जावावाली शब्द जोडून दुसऱ्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करणार. तीन दिवस अबोला! शेवटी एकजण वैतागून म्हणाला, "सगळीकडे एकच नियम लावा आणि विषय संपवा."

मला ते पटेना. मी कॉन्व्हेंटची. शाळेत इंग्लिश, घरी मराठी, हॉस्टेलवर हिंदी. मराठीत 'कवी' दीर्घ, हिंदीत तोच 'कवि' ऱ्हस्व. (माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला रूममेट्स अजून हसतात, ते सोडा!) दोन्ही आपापल्या घरी बरोबरच ना?

कोडचंही तसंच आहे. पायथनची रीत २००१ सालच्या 'पेप ८'मध्ये लिहून ठेवली आहे: इंडेंटेशनला चार स्पेस, ओळ जास्तीत जास्त ७९ अक्षरांची. पायथनमध्ये इंडेंटेशन बदललं की अर्थ बदलतो. 'सी'मध्ये अर्थ महिरपी कंस ठरवतात. इंडेंटेशन फक्त आपल्या डोळ्यांसाठी. २०१४ मध्ये ॲपलच्या सुरक्षेच्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ दोनदा पडलेली सापडली. दुसरी ओळ दिसायला 'इफ'च्या आतली, पण कंस नसल्यामुळे प्रत्यक्षात बाहेरची. परिणाम? डिजिटल सहीची तपासणीच टळत होती! म्हणून 'सी'मध्ये 'इफ'खाली एकच ओळ असली तरी कंस घालायचा, असं आम्ही ठरवलं. पायथनमध्ये या नियमाला अर्थच नाही.

पण तिघं जिथे भेटतात, तिथे मात्र नियम एकच हवा. सर्व्हर आणि ॲप एकमेकांना जी माहिती पाठवतात, तिच्यातली नावं एकाच पद्धतीची आणि फाइल्स सगळ्यांच्या यूटीएफ-८मध्ये. नाहीतर इकडून पाठवलेला 'रूम नंबर' तिकडे सापडणारच नाही, आणि बिल कोणत्या खोलीचं यावरून खरी भांडणं होतील. स्पेस मोजायचं काम आम्ही टूलवर सोपवलं. मशीनशी कोण अबोला धरणार?

आपापल्या घरी आपली रीत, चौकात सगळ्यांची एक. आम्ही पास होऊन जाऊ, मेस इथेच राहील. उद्या हा कोड एखाद्या ज्युनिअरला उघडावा लागेल, तेव्हा समजावायला आमच्यापैकी कुणीच नसेल. जे काही सांगायचं, ते त्या कोडलाच सांगावं लागेल.