दुर्मिळ शीळ आणि ओळखीचे झाड

आसामची सपाटी मागे टाकून भालुकपोंगपाशी रस्ता अरुणाचल प्रदेशाच्या डोंगरांत शिरतो. वाचकहो, या वाटेने पश्चिम कामेंग जिल्ह्यातील सिंगचुंग गावाकडे आपण कधी गेलात, तर तेथील दोन रहिवाशांची भेट अवश्य घ्या.

पहिला रहिवासी ओक वृक्ष. त्याला शोधावे लागत नाही. या डोंगरांत तो जागोजागी उभा आहे. इवल्याशा वाटीत बसविल्यासारखी त्याची फळे अस्वले आवडीने खातात. त्याचे लाकूड चुलीत जळते, तर दिरांगकडील मोनपा शेतकरी त्याची गळलेली पाने शेतात पसरून जमिनीची ओल राखतात. बुंध्यावर कुऱ्हाड पडली, तरी तेथूनच पुन्हा धुमारे फुटतात.

दुसरा रहिवासी मात्र क्वचितच दर्शन देतो. काळी टोपी, डोळ्यापुढे पिवळाधमक ठिपका, पंखांवर पिवळ्या, तांबड्या आणि पांढऱ्या रंगांची नक्षी असा हा वीतभर लांबीचा गाणारा पक्षी म्हणजे ‘बुगुन लिओसिकला’. पुण्यात खगोलशास्त्राचे संशोधन करणारे रमणा अत्रेय यांना तो 1995 मध्ये येथे प्रथम दिसला. 2006 मध्ये त्यांनी जगाला त्याची ओळख करून दिली, ती एकही पक्षी न मारता. नव्या जातीचा नमुना संग्रहालयात ठेवण्याची रूढी आहे; परंतु इतक्या थोड्या पक्ष्यांतून एकही कमी करणे त्यांना योग्य वाटले नाही. पक्षी जाळ्यात धरला, मोजमापे व छायाचित्रे घेतली, गळालेली पिसे ठेवून घेतली आणि त्याला सोडून दिले.

ज्यांचे नाव पक्ष्याला मिळाले, त्या बुगुन लोकांनीही आपला वाटा उचलला. 2017 मध्ये गावाच्या मालकीचे सुमारे 17 चौरस किलोमीटर जंगल राखीव झाले. गावचेच तरुण तेथे गस्त घालतात.

ओकला धुमारे फुटतात. या पक्ष्याची शीळ एकदा थांबली, तर ती पुन्हा कोठून यावी? म्हणून दुर्मिळाची काळजी आधी घ्यावी, हे खरेच. परंतु पक्ष्यासाठी राखलेल्या रानात साधी झाडेही निर्धास्त वाढतात. आपल्या गावाजवळच्या रानात असा प्रसिद्ध पाहुणा कदाचित नसेल. तेथील ओळखीच्या झाडाची राखण कोणी करावी, याचे उत्तर सिंगचुंगच्या गावकऱ्यांनी आपल्यापुढे ठेवले आहे.