सातारा वरून बघावा

सप्टेंबर उजाडला की साताऱ्यात शिरलेल्या गाड्या समर्थ मंदिरापाशी वळतात, यवतेश्वरचा घाट चढतात आणि कासची फुलं बघून आल्या वाटेनं निघून जातात. कासचं पठार सुंदरच आहे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते युनेस्कोच्या यादीत गेलं, ते उगीच नव्हे. पण डोंगरांनी कडेवर घेतलेलं हे गाव बघायला कुणी थांबत नाही, याचं मनापासून वाईट वाटतं.

निदान चार भिंतीपर्यंत तरी चढा. अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावरची ही जागा. राजघराण्यातल्या स्त्रिया इथून दसऱ्याची मिरवणूक बघत, असं जुने लोक सांगतात. पायाखाली माची पेठ, पुढं राजवाडा, मधेमधे गच्च्यांच्या गर्दीत तग धरून राहिलेली कौलं. आज चार भिंती हे हुतात्म्यांचं स्मारक आहे. छत्रपती प्रतापसिंहांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत केलं, तेव्हा त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं तिथं झगडत राहिले. पुढं ८ सप्टेंबर १८५७ रोजी इंग्रजांविरुद्धच्या उठावापायी याच शहरातल्या गेंडामाळावर १७ जणांना मृत्युदंड दिला गेला. त्यांत रंगो बापूजींचा मुलगाही होता. हे ठाऊक झालं की त्या कौलांवरून नजर नुसती फिरत नाही, अडखळते.

अजिंक्यताऱ्यावर पहाटे फिरायला येणारे पुष्कळ. बहुतेक जण उत्तरेच्या दरवाजातून येतात, शहर बघतात, मंगळाई देवीला हात जोडून उतरतात. माझं मन मात्र दक्षिणेच्या तटावर रमतं. तिथं शहराचा आवाज पोचत नाही. समोर परळीचं खोरं आणि सज्जनगड. पावसाळा सरता सरता तटाच्या सांध्यांतून तेरडा फुललेला असतो. त्याची पिकलेली शेंग बोटांनी हलकेच दाबावी. ती फट्कन फुटते, बिया उडतात आणि सालीच्या हिरव्या चिरफळ्या तळहातावर गुंडाळत जातात.

शहराबाहेरच्या पाटेश्वरला देगावमार्गे जायचं. झाडीतली वाट, वर पाण्यानं भरलेलं कुंड आणि पिंडीच पिंडी. एकेका पिंडीवर बारीक पिंडींच्या रांगा कोरल्यात. कोरणाऱ्याच्या धीराला हात जोडावेसे वाटतात. महादऱ्याच्या तळ्याकडची झाडी फुलपाखरांसाठी गाठावी, तीही सकाळची उन्हं अंगावर आल्यावर.

येणार असाल तर पाऊस ओसरल्यावर या, आणि पायी चढा. दिवाळीनंतर इथलं गवत वाळतं आणि मग वणवे लागतात. एका काडीनं अख्खा उतार काळा होतो. मुंग्या, सरडे, जमिनीवरची घरटी, सगळं जातं. तेव्हा एवढं करा: काडीपेटी खाली गावातच ठेवून या, आणि कुठं धूर दिसला तर बघत उभं न राहता लगेच वनखात्याला कळवा.