हळदीचा कागद

शाळेंत रसायनशास्त्र शिकविणाऱ्या मनुष्यास एक मोठी सोय असते. प्रयोग पुस्तकाप्रमाणें उतरला नाहीं, कीं द्रव्य अशुद्ध होतें असें म्हणून त्यास मोकळें होतां येतें. ही सबब आम्हींही एकदां वापरली. ती अद्याप आम्हांस टोंचते, म्हणून हा लेखनप्रपंच.

नववीच्या वर्गास आम्ल, आम्लारी व क्षार हा पाठ आम्ही दरवर्षीं स्वयंपाकघरापासून सुरू करीत असूं. टीपकागद हळदीच्या पाण्यांत बुडवून वाळवावा, त्याच्या पट्ट्या कापाव्या आणि घरांत सांपडेल त्या पदार्थाचें द्रावण त्यांवर टाकून पाहावें, एवढाच गृहपाठ. चुन्याच्या निवळीनें किंवा साबणाच्या पाण्यानें पट्टी तांबडी होते. चिंचेच्या कोळानें ती पिवळीच राहते. हळदीला चुना लागला कीं काय होतें, हें सांगणारी आजी बहुतेक घरांत असल्यामुळें मुलांस यांत फारसें नवल वाटत नसे. मात्र साध्या पाण्यानेंही हळद पिवळीच राहते, मग आंबट कोणतें आणि साधें कोणतें हें तिला कसें कळावें, अशी शंका एखादें चलाख मूल काढी, आणि निळा लिटमस कागद बाहेर काढण्याचें सुख आम्हांस मिळे.

त्यानंतर आम्ही फळ्यावर ठळक अक्षरांत लिहीत असूं: आम्ल व आम्लारी मिळून क्षार आणि पाणी, क्षार उदासीन. खाण्याच्या मिठापुरतें हें खरेंच आहे.

एका वर्षीं एका मुलीनें वहींत लिहिलें, "धुण्याचा सोडा क्षार आहे. त्याच्या द्रावणानें पट्टी तांबडी झाली. म्हणून सगळे क्षार उदासीन नसतात." आम्हीं त्यावर लाल शाईची फुली मारली. दुसऱ्या दिवशीं ती सोड्याची पुडी घेऊन मेजापाशीं आली.

"सर, सोडा क्षारच ना?"

"होय."

"मग पट्टी तांबडी कां होते?"

"वाण्याकडचा सोडा तो. त्यांत कांहींतरी मिसळलेलें असेल," असें म्हणून आम्ही हजेरी घेऊं लागलों.

संध्याकाळीं प्रयोगशाळेंतील बाटलींतलें शुद्ध सोडियम कार्बोनेट घेऊन पाहिलें. पट्टी तशीच तांबडी. कारण आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. महाविद्यालयांत तें घोकूनच आम्ही उत्तीर्ण झालों होतों. कार्बॉनिक आम्ल दुबळें, कॉस्टिक सोडा प्रबळ. दोहोंपासून झालेल्या या क्षारांतील कार्बोनेट आयन पाण्यांतून हायड्रोजन आयन ओढून घेतो आणि हायड्रॉक्साइड मागें उरतो. त्यानें हळद तांबडी होते. तुरटीचें याच्या उलट. तीही क्षारच, पण तिच्या द्रावणांत निळा लिटमस तांबडा होतो. शब्दाचा घोटाळा तर आणखी गमतीचा आहे. वैद्यकांतला क्षार म्हणजे वनस्पतींच्या राखेपासून काढलेला दाहक पदार्थ, आजच्या आम्लारीचा भाऊबंद. पाठ्यपुस्तकानें तोच शब्द मिठाच्या जातीस देऊन टाकला. जुन्या वैद्यास त्या तांबड्या पट्टीचें कांहींच आश्चर्य वाटलें नसतें.

सर्वांत लाजिरवाणी गोष्ट पुढेंच आहे. त्याच आठवड्यांत आम्हीं स्वांते अऱ्हेनियस याची कथा वर्गास रंगवून सांगितली होती. मिठासारखे पदार्थ पाण्यांत विरघळले कीं त्यांचे विद्युद्भारित कण सुटे होतात, या मताचा पाया त्यानें १८८४ सालीं उप्साला विद्यापीठास दिलेल्या प्रबंधांत घातला. परीक्षकांनीं त्यास हलकी श्रेणी दिली, आणि १९०३ सालीं याच मताबद्दल त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. परीक्षकांच्या फजितीस वर्ग हंसला, आणि सर्वांत मोठ्यानें आम्ही हंसलों.

फुली खोडून गुण वाढविणें सोपें होतें. तें आम्हीं त्याच रात्रीं केलें. वर्गापुढें सांगावयास मात्र आठ दिवस लागले. पहिल्या दिवशीं तपासणीस आले होते, दुसऱ्या दिवशीं चाचणी होती. कारणें मिळत गेलीं. अखेर एके दिवशीं फळ्यावरचें तें ठळक वाक्य पुसून आम्ही म्हणालों, "आमचें चुकलें होतें. हिचें बरोबर आहे." सारा वर्ग तिच्याकडे वळून पाहूं लागला. तो प्रयोग सर्वांस करून दाखीव, असें आम्हीं तिला म्हटलें.

ती उठून उभी राहिली. "पुडी टाकून दिली, सर," ती म्हणाली आणि खालीं बसली.