सोबतच्या तिकिटाविषयी

॥ श्री ॥

जालना,
फाल्गुन शुद्ध पंचमी

चि. भाचीबाईस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. या लखोट्यात माझ्या पत्राबरोबर कागदाची एक चिंचोळी चिठ्ठी तुला सापडेल. ती रद्दी समजून टाकून देऊ नकोस. जालना ते भोकरदन या एस. टी. च्या प्रवासाचे ते तिकीट असून भाड्याच्या रकान्यात शून्य छापलेले आहे, आणि त्या शून्याची हकीकत तुला सांगावी एवढ्याचसाठी हा पत्रप्रपंच आहे.

सुटीत सिसिली बेट पाहण्याचा तुझा मनोदय तू कळवलास, आणि शिष्यवृत्तीच्या तुटपुंज्या रकमेत भागवायचे म्हणून मोटार भाड्याने न घेता आगगाडी आणि सार्वजनिक बस यांवरच सारी भिस्त ठेवणार असल्याचेही लिहिलेस. सामुद्रधुनीच्या काठी आगगाडीचे तुकडे करून डबेच्या डबे जहाजाच्या पोटात ढकलतात आणि पलीकडे मेसिनाला पुन्हा रुळांवर घेतात. एटना पर्वताला वळसा घालणारी 110 किलोमीटरांची अरुंद रुळांची गाडी रविवारी विश्रांती घेते. बसची तिकिटे पुष्कळदा तंबाखूच्या दुकानात मिळतात, आणि आगगाडीचे कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उठवून घेतला नाही तर तिकीट असूनही दंड भरावा लागतो. हे सारे मी दोनदा वाचले. तुझ्या आईने मात्र ते एकदाच वाचले आणि त्याच संध्याकाळी मला फोन करून म्हणाली, "दादा, एकटी पोरगी, परका मुलूख, आणि हिला गावोगावी बस बदलत हिंडायचंय. तूच समजाव." समजावण्याचे काम मी पत्करले खरे; पण कोणाला समजावणार ते तिला सांगितले नाही.

सिसिली म्हणजे आपल्या जालना जिल्ह्याच्या सुमारे सव्वातीनपट मुलूख. एवढा प्रदेश बस बदलून पाहणे हे आपल्या घराण्यात काही नवल नव्हे. निजामाच्या रेल्वे खात्याने 1932 साली सत्तावीस बसगाड्या आणि एकशे सहासष्ट नोकर यांच्या बळावर मोटारसेवा सुरू केली, तेव्हापासून आपल्याकडे सरकारी गाडीची वाट पाहण्याची परंपरा आहे. पुणे-नगर रस्त्यावर पहिली एस. टी. 1 जून 1948 रोजी धावली, त्या दिवशी जालना अद्याप हैदराबाद संस्थानात होते. सप्टेंबरात संस्थान भारतात आले, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, आणि 1961 साली आपल्याकडच्या गाड्या महाराष्ट्राच्या एस. टी. महामंडळात सामील झाल्या. राज्ये बदलली, गाड्यांवरची अक्षरे बदलली, पण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याचा रयतेचा हक्क कोणत्याही सरकारला खालसा करता आला नाही.

आता मूळ हकीकतीकडे वळतो. 1973 साली मी भोकरदनच्या तहसील कचेरीत नुकताच कारकून म्हणून रुजू झालो होतो. भोकरदन तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. जालना जिल्हा अस्तित्वात यायला आणखी आठ वर्षे होती. आदल्या वर्षीचा दुष्काळ असा की विहिरींच्या तळाशी चिखलही उरला नव्हता. कामावरचे लोक परदेशातून आलेला मिलो जोंधळा आणि सरकारी सुकडी खाऊन दिवस काढीत, जिकडे तिकडे खडी फोडण्याची कामे चालू, आणि आम्हा कारकुनांचा जन्म हजेरीपट तपासण्यात चाललेला. अशा त्या दिवसांत कळले की नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांच्या मंडळींनी केळना नदीकाठच्या जुन्या पांढरीवर, म्हणजे ओसाड वस्तीच्या टेकाडावर, खणायला सुरुवात केली आहे. खणणे म्हणजे दुष्काळी काम असा त्या वर्षीचा सार्वत्रिक समज असल्यामुळे दोन बायका कचेरीत येऊन मला विचारू लागल्या, "साहेब, तिथं मस्टर लागलंय का? आमची नावं घ्या की." त्यांची समजूत घालण्याआधी आपली स्वतःची समजूत पटवावी म्हणून एका रविवारी मी तेथे गेलो. चौकोनी खड्डे, त्यांच्या उभ्या कडांना टाचलेल्या चिठ्ठ्या, मातीचे एकाखाली एक उतरत गेलेले थर, आणि चाळणीने माती चाळणारे, ब्रशाने खापऱ्या झाडणारे विद्यार्थी. जमिनीची मोजणी मी पुष्कळ पाहिली होती. पण काळाचीही अशी फूटपट्टी लावून मोजणी करतात हे त्या दिवशी प्रथम पाहिले.

त्या उत्खननाचा वृत्तान्त शांताराम भालचंद्र देव आणि रमेश शंकर गुप्ते या विद्वानांनी पुढील वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. आपण ज्याला एक आडवळणाचे तालुक्याचे गाव समजतो ते भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. उज्जयिनीहून प्रतिष्ठानला, म्हणजे आपल्या पैठणला, जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचे सातवाहनकालीन संपन्न नगर. त्या नगरातील लोकांनी दिलेल्या दानांचे लेख सांची आणि भारहुत येथील स्तूपांवर कोरलेले आहेत. आणि या पांढरीतून निघालेल्या वस्तूंत होती हस्तिदंताची एक लहानशी भग्न स्त्रीमूर्ती.

हीच ती जागा, जेथून माझी गोष्ट तू सध्या राहतेस त्या देशात पाऊल ठेवते. 1938 साली इटलीत पॉम्पेईच्या अवशेषांत, व्हिसुव्हियसच्या राखेखाली सन 79 पासून गाडल्या गेलेल्या एका घरात, अशीच एक हस्तिदंती मूर्ती सापडली होती. उंची सुमारे वीतभर. दोन बाजूंस दोन लहानशा दासी. हातांत कंकणांच्या रांगा, पायांत पोटऱ्यांवर चढत गेलेले वाळे, कमरेला मेखला, आणि मस्तकावर एक भोक, ज्यावरून ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या आसनाचा पाय असावा असा तर्क करतात. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात. ती लक्ष्मी नसून यक्षी असावी असेही पुष्कळांचे मत आहे. मंठ्याच्या बाजूच्या तांड्यांवरील जुन्या बंजारा स्त्रियांचे कोपरावर गेलेले चुडे ज्याने पाहिले आहेत, त्याला तिच्या हातांकडे पाहून ओळख पटल्यासारखे वाटावे. तेरला मिळालेली आणि आता तेथीलच लामतुरे संग्रहालयात असलेली मूर्ती, भोकरदनची मूर्ती आणि पॉम्पेईची ही मूर्ती, या तिघींच्या घडणीत इतके साम्य आहे की पॉम्पेईच्या मूर्तीचे माहेर आपल्या दख्खनमध्ये, कदाचित भोकरदनातच, असावे असे मानणारा एक पक्ष विद्वानांत आहे.

दुसरा पक्षही सांगतो. कचेरीत एका बाजूचीच कैफियत ऐकून निकाल देण्याची सवय मला कधी नव्हती. पॉम्पेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतील अक्षर आहे, आणि ती लिपी वायव्येकडची, गांधाराची. अफगाणिस्तानात बेग्राम येथेही हस्तिदंती कोरीवकामाचा मोठा साठा मिळाला आहे. त्यामुळे ही मूर्ती तिकडेच घडली किंवा निदान तिकडून फिरून गेली असे म्हणणारेही विद्वान आहेत. निकाल लागलेला नाही. पण ती कोणत्याही वाटेने गेलेली असो, ती कशी गेली याचा विचार करताना मला तुझ्या पत्राची आठवण झाली.

कारण पहा, पहिल्या शतकातील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने आपल्या समुद्राची जी रोजनिशीवजा बखर लिहून ठेवली, तिला 'पेरिप्लस' म्हणतात. तीत तो सांगतो की भडोचपासून दक्षिणेस पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेस तेर आणखी दहा दिवसांच्या वाटेवर आहे, आणि या शहरांचा माल धड रस्ता नसलेल्या अफाट मुलुखातून गाड्यांवर लादून भडोचला उतरतो. भडोचहून पुढे मोसमी वाऱ्यांच्या बळावर अरबी समुद्र ओलांडायचा. तांबड्या समुद्राच्या बंदरात उतरायचे. उंटांवरून वाळवंट तुडवून नाईल गाठायची. नाईलच्या प्रवाहाबरोबर अलेक्झांड्रियाला जायचे. आणि तेथून इटलीला जाणाऱ्या जहाजात बसून नेपल्सजवळच्या पुत्युलाय बंदराला लागायचे. ही शेवटची जहाजे पुष्कळदा सिसिलीला टेकून जात असत. बायबलातील 'प्रेषितांची कृत्ये' या भागात संत पौलाचा प्रवास दिला आहे: अलेक्झांड्रियाच्या जहाजातून माल्टा सोडल्यावर तो सिराक्यूजला तीन दिवस थांबला, मग सामुद्रधुनी ओलांडून पुत्युलायला उतरला. तू ज्या सिराक्यूजच्या धक्क्यावर बसून पाव आणि चीज खाणार आहेस, त्या धक्क्यासमोरून आपली ही हस्तिदंती भाची दोन हजार वर्षांपूर्वी गेली असण्याचा पुष्कळ संभव आहे.

आणि लक्षात घे, तिच्यासाठी म्हणून कोणी स्वतंत्र वाहन केले नव्हते. बैलगाडीत कापसाच्या कापडांच्या गठ्ठ्यांवर, जहाजात मिऱ्यांच्या पोत्यांजवळ, उंटावर कोणा तिसऱ्याच्याच मालाबरोबर, अशी परक्यांच्या गर्दीत अंग चोरून, टप्प्याटप्प्याला वाहन बदलीत ती गेली असली पाहिजे. भोगवर्धनच्या गाडीवानाने पॉम्पेई पाहिले नव्हते आणि पुत्युलायच्या हमालाला केळना नदी ठाऊक नव्हती. प्रत्येकाने आपला टप्पा तेवढा सांभाळला, आणि म्हणून वीतभर हस्तिदंत अभंग पोहोचले. सार्वजनिक वाहनाचे मर्म मला एवढेच वाटते. खासगी मोटारीचा प्रवासी आपल्या मुक्कामाचा धनी असतो, एस. टी.चा प्रवासी वाटेतल्या माणसांच्या हवाली असतो, आणि हवाली होण्यात भय असते तसाच एक विश्वासही असतो, जो विकत मिळत नाही.

आता शून्याचा खुलासा. पंचाहत्तरी पार केलेल्यांना महाराष्ट्रात एस. टी. चा प्रवास 2022 पासून मोफत आहे. माझी पंचाहत्तरी गेल्या वर्षी झाली, आणि तुझे पत्र आल्यावर या सवलतीचा पहिला उपभोग भोकरदनला जाण्यासाठीच घ्यावा असे मनाने घेतले. जालन्याच्या स्थानकावर तासभर गाडीची वाट पाहिली. आधारकार्ड पाहून कंडक्टरने यंत्रातून शून्याचे तिकीट काढले. पूर्वीचा तो चिमटा आणि ती तिकिटांची पेटी आता इतिहासजमा झाली. शेजारी अर्ध्या तिकिटाची एक आजी होती. राजूरच्या गणपतीला उतरेपर्यंत तिने माझ्या मांडीवर आपली पिशवी ठेवली आणि सबंध कुटुंबाची वंशावळ ऐकवली. राजूरला अर्धी गाडी रिकामी झाली, तितकीच पुन्हा भरली. भोकरदनला उतरून केळनेच्या काठाने चालत गेलो. ज्या खड्ड्यांत विद्यार्थी ब्रश घेऊन बसत, ती जागा मला नेमकी ओळखता आली नाही. पण मस्टर विचारायला आलेल्या त्या दोन बायका मात्र स्पष्ट आठवल्या. कोणी सांगावे, त्यांच्यातल्या एकीच्या पायाखाली तिच्या गावची ती हस्तिदंती लेक तेव्हाही निजलेली असेल.

तेव्हा माझा हुकूम समज किंवा अर्ज समज, सिसिलीला उतरताना नेपल्सला एक दिवस मुक्काम कर. तेथील राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात पॉम्पेईची ही मूर्ती आहे. मंगळवारी संग्रहालय बंद असते, म्हणून दिवस जपून ठरव. तिला 'गुप्त दालन' नावाच्या विभागात ठेवतात असे वाचले आहे. विवस्त्र मूर्तींना वेगळ्या खोलीत कोंडण्याची ती जुनी इटालियन रीत, तिचा तू राग मानू नकोस आणि आईला हे वाक्य वाचून दाखवू नकोस. रविवारी बस कमी असतील, तेव्हा रविवार मोठ्या गावी काढ. रात्रीची शेवटची गाडी पकडण्याचा नाद धरू नकोस. मुक्कामी गाडीचा भरवसा आपल्याकडे असतो, तेथे असेलच असे नाही. जवळ थोडे सुके खाणे आणि पाणी असू दे, आणि टप्पा गाठलास की आईला दोन ओळी कळवीत जा. तिची काळजी हाही प्रवासाचा खर्चच आहे, तो अंदाजपत्रकात धर.

एक विनंती अधिक. नेपल्सच्या संग्रहालयाचे तुझे तिकीट मला टपालाने पाठव. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला जोडपत्राशिवाय प्रकरण पुरे झाल्यासारखे वाटत नाही. या यंत्राच्या तिकिटांवरची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात, म्हणून माझ्या तिकिटाच्या पाठीवर गावांची नावे, अंतर आणि भाडे शून्य असे मी शाईने स्वच्छ लिहून ठेवले आहे. तुझ्याही तिकिटाच्या पाठीवर तसेच लिही.

कळावे. अनेक आशीर्वाद.

तुझा मामा