रेट्रो पार्टी, व्हाया वर्धा

"आई, तुझ्या रिटायरमेंटला आपण रेट्रो पार्टी करतोय. फायनल!"

फोनच्या पलीकडे पाच सेकंद शांतता. मग टिपिकल वर्ध्याचा सूर, "काय करून राहिली तू? पार्टी-बिर्टी काहून पाहिजे?"

काहून म्हणजे काय? तीस-बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, सप्टेंबरअखेर रिटायर झाली, मग एवढं तर हवंच ना! शिवाय रेट्रो पार्टी हा माझा हातखंडा विषय. पुण्यात मित्रमैत्रिणींच्या अशा तीन-चार पार्ट्या मी प्लॅन केल्या आहेत. पोल्का डॉट्स, बेलबॉटम, मोठाले गॉगल, सत्तरच्या दशकातली गाणी, दमशेराज आणि एक झक्कास फोटो कॉर्नर. फॉर्म्युला तय्यार! कोजागिरीची रात्र ठरवली, आमच्या घराची गच्ची ठरवली, चाळीस माणसांची यादी केली आणि महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसले. पुणे ते वर्धा हा प्रवास या गाडीने म्हणजे स्वतःच एक रेट्रो इव्हेंट आहे. गाडीला घाई नाही, आपणही करायची नाही.

बार नाही, मग काय?

पहिला धक्का मला स्वतःच्याच जिल्ह्याने दिला. पुण्यातल्या मैत्रिणीने फोनवर विचारलं, "कॉकटेल मेन्यू काय?" आणि मला एकदम आठवलं, अरे, आपलं वर्धा तर ड्राय!

गांधी जिल्हा म्हणून 1970च्या दशकापासून इथे दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती 1993 पासून आहे. शेजारच्या चंद्रपूरने 2015 मध्ये बंदी आणली आणि 2021 मध्ये उठवली. वर्ध्यात मात्र ती कायम आहे. चोरून काय चालतं हा वेगळा विषय, पण कार्यक्रमात बार लावणं विसराच. खरं सांगू? पार्टी प्लॅन करणाऱ्यासाठी ही अग्निपरीक्षा असते. बार असला की खेळ फसले तरी चालून जातं, लोक आपोआप हसायला लागतात. बार नसला की सगळी भिस्त खेळांवर. खेळ जमले तर पार्टी, नाहीतर साडेनऊला सगळे "चला, उद्या सकाळी पाणी येतं" म्हणत चपला शोधायला लागतात.

म्हणून घरी पोचल्याबरोबर मी आईसमोर माझी यादी ठेवली. तिने चष्मा लावून ती पेपर तपासल्यासारखी वाचली आणि म्हणाली, "हे तर सिनेमातलं रेट्रो आहे बेटा. बेलबॉटमवाल्या बाया आम्ही पडद्यावर पाहिल्या. त्याही वर्षातून एखाद्या वेळेस. आमच्या आर्वीत कोण घालत होतं?"

झालं! चाळीस पाहुण्यांपैकी कुणीच जगलं नव्हतं असा भूतकाळ मी त्यांच्यासाठी प्लॅन करत होते. यादी फाडली आणि दुसऱ्या दिवशी बाबांची स्कूटर काढली. हातात पाच दिवस होते.

गेम हंट

पहिला स्टॉप मगन संग्रहालय. गावातच आहे आणि लाज वाटते सांगायला, पण शाळेच्या सहलीनंतर मी तिथे पहिल्यांदाच जात होते. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं. आत नाना तऱ्हेचे चरखे आहेत. ते बघताना एक भन्नाट गोष्ट आठवली. 1929 मध्ये सुधारित चरख्यासाठी चक्क एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं. 1929 चे एक लाख! अट अशी, की एवढं सूत काढणारं यंत्र गावातल्या माणसालाही परवडलं पाहिजे, किंमत दीडशे रुपयांच्या वर जाता कामा नये. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. आजच्या रिअॅलिटी शोवाल्यांनी शिकावं असं टेन्शन!

घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते उठले, माळ्यावरची पेटी काढली आणि त्यातून एक तकली काढून ठेवली. "शाळेत सूतकताईचा तास असायचा. माझं सूत वर्गात सगळ्यात लांब." पहिला खेळ मिळाला. तकली आणि पेळू, वेळ दोन मिनिटं, धागा तुटला की आऊट.

दुसरा स्टॉप सेवाग्राम. वर्ध्यापासून जेमतेम आठ किलोमीटर. गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी इथे आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. सेवाग्राम हे नाव 1940 चं. आदि निवास, बा कुटी, बापू कुटी... माती, बांबू, कौलं आणि कमालीची शांतता. तिथे एक टेलिफोन आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सरकारला गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून बसवलेला. त्या फोनसमोर उभी असताना मला आमच्या घरचा ट्रंक कॉल आठवला. म्हणजे मी पाहिलेला नाही, पण ऐकलेला शंभर वेळा. तीन मिनिटांचा हिशोब, सगळं घर फोनभोवती, आणि आजी ओरडून बोलणार कारण माणूस लांब आहे! दुसरा खेळ ठरला. आईची कॉलेजची मैत्रीण नाशिकला असते. तिला स्पीकरवर फोन लावायचा, बरोबर तीन मिनिटं, आणि रांगेतल्या प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं. घड्याळ बाबांकडे.

तिसरा खेळ शेजारच्या काकांनी दिला. बिनाका गीतमाला. 1952 मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेली, दर बुधवारी रात्री आठला. "बहनों और भाइयों" म्हणताना अमीन सयानी आधी बहिणींना हाक मारायचे, हे काकांनी मला तीनदा सांगितलं. तेव्हा ठरलं, गाणी काकाच लावतील, निवेदनही तेच करतील. नुसते सुरुवातीचे सूर ऐकून गाणं ओळखायचं.

चौथा खेळ लाकडी बैलांचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मुलं चाकांवरचे लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा घेतात. आपल्या जिल्ह्यातलं सिंदी (रेल्वे) तर त्यासाठी प्रसिद्ध आहे. मोसम उलटला होता, पण प्रत्येक घरात एखादा बैल असतोच. निमंत्रणातच लिहिलं, 'येताना आपापला बैल आणा.' सजवा, मिरवा, बोजारा मिळवा. वयाची अट नाही.

एव्हाना मला एक युक्ती सापडली होती. खेळ मी ठरवायचेच नाहीत. पाहुण्यांना विचारायचं, त्यांचा खेळ त्यांनाच चालवायला द्यायचा. मी फक्त खडू, कवड्या, चिंचोके आणि टॉर्च पुरवायचे.

भुलाबाई आणि एक डबा

आईचा खेळ शेवटी आला. "भुलाबाई बसव," ती म्हणाली.

पश्चिम महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी सांगते, तुमचा जसा भोंडला, हादगा, तशी आमची भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर. भुलाबाई, भुलोजी आणि मांडीवर गणपती, अशी मातीची जोडी. मुली रोज एकेकीच्या घरी जमतात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात आणि शेवटी येतो खरा क्लायमॅक्स, खिरापत ओळखणे! यजमानीण झाकण लावलेला डबा हलवते. आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं. खुळखुळ वाजलं तर फुटाणे, बद्द वाजलं तर लाडू. ओळखलं नाही तर हार मानायची. आर्वीत आईची गँग अशी होती की दुसऱ्यांना दमवायला डब्यात कापसात गुंडाळून पेढे ठेवायची.

कोजागिरीची रात्र आली. गच्चीवर चटया, मधोमध भुलाबाई, एका कोपऱ्यात मसाला दुधाचं पातेलं, शेजारी सांबारवडी. तकलीत बाबा हरले (धागा बाविसाव्या सेकंदाला तुटला, दोष पेळूला दिला). ट्रंक कॉलवर नाशिकची मावशी रडली आणि तीन मिनिटं संपताच बाबांनी खरंच फोन कापला! बैलांच्या मिरवणुकीत एक रिटायर्ड मुख्याध्यापक नातवाच्या बरोबरीने भांडले. साडेनऊ कधीच वाजून गेले होते, आणि चपला कुणीच शोधत नव्हतं.

मग खिरापत. आई डबा हलवायची आणि एक मावशी पटकन उत्तर द्यायच्या. या मावशी आईच्या शाळेतल्या. सतरा वर्षं दोघींनी एकाच बाकावर डबा खाल्ला आहे. पहिला डबा, "शेंगदाणे." बरोबर. दुसरा, "साखरफुटाणे." बरोबर. तिसऱ्यात मी खास बनाव केला होता, गोरस भांडारातला गोरसपाक कागदात गुंडाळून ठेवला होता. मावशींनी मान तिरकी केली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बिस्किटासारखं आहे. कागदात आहे. गोरसपाक!"

टाळ्या! आई म्हणाली, "लहानपणी तुझीच गँग जिंकत असेल मग."

मावशी हसल्या. "नाही ना. आमच्या वस्तीतल्या पोरींना भुलाबाईला बोलवायचे नाहीत. आम्ही दाराबाहेर उभ्या राहायचो. डबा दिसायचा नाही, आवाज तेवढा यायचा. मग आमच्यात पैज लागायची, आज काय असेल. त्याच्यानं कान तयार झाले."

अगदी सहज म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. पण गच्चीवर एकदम शांतता झाली.

मला चार दिवसांपूर्वीची स्कूटरची फेरी आठवली. लक्ष्मीनारायण मंदिरासमोरून मी दोनदा गेले होते. जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याचं हे मंदिर जुलै 1928 मध्ये दलितांसाठी खुलं केलं, हे आम्ही शाळेत अभिमानाने पाठ केलेलं. पण मंदिराचं दार उघडलं म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक अंगणाचं दार उघडलं नव्हतं. मावशी सांगत होत्या ती गोष्ट त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरची. आणि मी 'गोल्डन डेज' म्हणून सोनेरी कागदाचे तारे चिकटवत बसले होते.

आई काही क्षण डबा हातात धरून बसली. मग उठली, स्वयंपाकघरात गेली नाही, भाषण केलं नाही. रिकामा डबा मावशींच्या हातात दिला. "पुढची खिरापत तू भर. आम्ही ओळखतो."

मावशी खाली गेल्या. दहा मिनिटांनी डबा घेऊन आल्या आणि हलवला. आवाजच नाही! साठीच्या बाया, चाळिशीचे काका, माझा भाचा, सगळे कान लावून बसले. चिवडा, नाही. गूळ, नाही. खोबरं, नाही. शेवटी आईने हार मानली. झाकण उघडलं तर गच्च दाबून भरलेला गरम सांजा. शिरा म्हणा हवं तर.

"हलणारच नाही तर वाजेल कसा?" मावशी म्हणाल्या आणि आई इतकी हसली की दुधाचा पेला सांडला. पुढच्या वर्षीची भुलाबाई मावशींच्या घरी बसणार, हे तिथेच ठरलं. आमची गाडी कुठलीही असो, हजर राहायचं आहे.

तुमच्या पार्टीसाठी

दोस्तांनो, तुमच्या घरीही कुणाची साठी, पंचविशी, रिटायरमेंट येतच असेल. तेव्हा हे ट्राय करा.

'रेट्रो' म्हणजे नक्की कुणाचं, कुठलं आणि कुठल्या सालचं, ते आधी विचारा. आठ दिवस आधी प्रत्येक पाहुण्याला एक फोन करा आणि एकच प्रश्न विचारा, "लहानपणी काय खेळायचा?" त्याच्याच पोटात दुसरा प्रश्न हळूच घाला, "आणि काय खेळायला मिळालं नाही?" माझं पहिल्या प्रश्नावर भागलं, दुसरा मी विचारलाच नव्हता. तो विचारला असता तर मावशींच्या हातात डबा पहिल्याच फेरीत आला असता.

खेळ पाच-सहाच ठेवा. बसून खेळायचे निम्मे असू द्या, गुडघ्यांचा विचार करा. अष्टचंगा, सागरगोटे, नाव-गाव-फळ-फूल कधीही चालतात. नियमांवरून भांडणं होणारच, होऊ द्या, तीच तर मजा आहे. मोबाईल एका टोपलीत. फोटो काढायला एकच माणूस नेमा.

आणि वर्ध्याला यायचं असेल तर दिवाळीच्या आसपास या. नागपूरहून साधारण पाऊण शंभर किलोमीटर. एक दिवस सेवाग्राम आणि मगन संग्रहालय, एक संध्याकाळ पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांच्या आश्रमात. परतीच्या बॅगेत गोरसपाक हवाच. मी तर दोन डबे आणले. ऑफिसवाल्या मैत्रिणींसमोर झाकण न उघडता हलवले. एकीलाही ओळखता आलं नाही!