बांधलेला डावा हात

आईचा डावा हात त्यांनी कॉटच्या दांडीला बांधला होता, हे आठवलं की आजही माझ्या हातातलं काम थांबतं. उजवा हात आधीच गेला होता. तोंडातून एकच शब्द निघत होता. काही सांगायचं तर उरला होता तो डावा हात, आणि नेमका तोच गॉजच्या पट्टीने आवळलेला. चार दिवस.

मागचं थोडक्यात सांगते. पहाटे साडेपाचला चहा ठेवताना आई ओट्याजवळ कोसळली. बीपीच्या गोळ्या तिने परस्पर बंद केल्या होत्या. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली, म्हणून उजवं अंग आणि वाचा गेली. तालुक्याला सीटी स्कॅन नाही, जिल्ह्याच्या गावी नेलं. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना पुढचं सगळं ठाऊक आहे.

पहिल्या दिवशी ती गुंगीत होती, तेव्हा नाकातून नळी घातली ते बरोबरच होतं. अशा वेळी घोटभर पाणी श्वासनलिकेत गेलं तरी न्यूमोनियाची भीती असते. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ती लख्ख जागी झाली. मला ओळखलं, दादाला ओळखलं, वहिनीच्या कपाळाला टिकली नव्हती तिकडे बोट दाखवलं. बोलायला गेली की फक्त ‘तसं’. पाणी हवं तरी ‘तसं’, पाय दुखला तरी ‘तसं’, आणि चुकीचा शब्द आला हे कळून स्वतःच कपाळावर हात मारायची. राउंडला आलेले मोठे डॉक्टर जाता जाता म्हणाले, “डिस्फेझिया आहे, वेळ लागेल.” मी पर्समधल्या छोट्या वहीत लिहून घेतलं.

त्या एका शब्दाने पुढे काय केलं ते नीट सांगते. असे दोन शब्द आहेत. एक ग्रीकमधल्या ‘बोलणे’वरून आलेला, दुसरा ‘खाणे’वरून. पहिल्याचा अर्थ बोलण्यात बिघाड, दुसऱ्याचा गिळण्यात. इंग्रजीत एका अक्षराचा फरक, एकात एस, दुसऱ्यात जी. आणि आपल्याकडे? जगण्यातला ज वेगळा, जीवनातला ज वेगळा, पण लिहितो एकच. माझ्या वहीत शब्द उतरला ‘डिस्फेजिया’.

संध्याकाळी ड्यूटी बदलली. नव्या सिस्टरनी विचारलं, “सर काय म्हणाले?” मी वहीतून वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दादाने फाईल पाहिली. जी होता. म्हणजे गिळता येत नाही, म्हणजे नळी राहणार. आई अंगठा तोंडाकडे नेऊन पेला उपडा केल्यासारखं दाखवायची. मी सिस्टरना सांगितलं, आईला तहान लागलीय, एक चमचा देऊन तर बघा. उत्तर आलं, “ताई, फाईलवर लिहिलंय. ठसका लागला तर जबाबदारी कोणाची?” मी गप्प बसले. तिसऱ्या रात्री आईने नळी उपसून काढली. पुन्हा घातली, आणि हात बांधला.

पट्टीची गाठ मनगटाच्या आतल्या बाजूला होती. हिरवी बांगडी वर सरकवून तिच्याखाली आवळलेली. बोटं सुजून चकचकीत झाली होती. नखाने ती गादीचं रेक्झिन खरवडत राहायची, एका लयीत, माझ्याकडे बघत. मी तीनदा गाठ सैल केली, तीनदा कुणीतरी येऊन परत आवळली. सिरिंजने पेज नळीत जाताना ती तोंड मिटून चावल्यासारखं करायची. तोंडात काहीच नसायचं.

सातव्या दिवशी स्पीच थेरपिस्ट आली, तिशीच्या आतली मुलगी. पट्टी आधी तिनेच सोडली. आईला ताठ बसवलं, खोकायला लावलं, चमचाभर पाणी दिलं आणि गळ्यावर दोन बोटं ठेवली. “आजी, आ म्हणा.” आवाज स्वच्छ आला. आणखी चमचा, मग दोन घोट. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “यांचं गिळणं नीट आहे. नळी कशासाठी ठेवलीय?” संध्याकाळी नळी निघाली. आईने डाव्या हाताने बशीतून चहा घेतला, अर्धा साडीवर सांडत.

पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये असाच, एकच अक्षर बोलू शकणारा रुग्ण तपासला आणि या अवस्थेला अफेमिया म्हटलं. 1864 मध्ये त्रूसो यांनी ते बदलून अफेझिया केलं. म्हणजे नावं काही दगडावरची रेघ नव्हेत. वाचा अर्धवट गेली असली तरी अनेक डॉक्टर आता डिस्फेझिया टाळून अफेझियाच म्हणतात, त्याचं एक कारण हाच घोटाळा. आपल्याकडे वाचाघात हा स्वच्छ शब्द आहे, तो वापरायला काय हरकत आहे? निदान नातेवाइकांनी तरी तोंडावर विचारावं, गिळता येत नाही की बोलता येत नाही? आणि उत्तर डॉक्टरांच्या हाताने लिहून घ्यावं.

इतकं लिहिलं, पण त्या पहाटेचंही सांगायला हवं. आई पडली तेव्हा शेजारच्या काकू धावत आल्या आणि म्हणाल्या, “अंगावरून वारं गेलं गं.” हा शब्द अस्सल मराठी, सगळ्यांना कळणारा. वारं म्हटल्यावर आम्ही खिडक्या लावल्या, घोंगडी पांघरली, तेल कोमट केलं, मालिश करणाऱ्याला बोलावणं धाडलं. त्यात अडीच तास गेले. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा बारा वाजले होते. ती तेलाची वाटी आठवली की मला वाईट वाटतं, पण राग येत नाही. राग येतो तो त्या गाठीचा. हिशेबाने पाहिलं तर उलट व्हायला हवं.

आई आता काठी घेऊन चालते. ‘तसं’च्या जोडीला शंभरेक शब्द आलेत. गेल्या श्रावणात पूजेला गुरुजींनी धागा बांधायला तिचं डावं मनगट धरलं, तेव्हा तिने हात असा खेचला की ताम्हण उलटलं.

दादा अजून त्या सिस्टरना दोष देतो. माझी वही त्याने पाहिलेली नाही.