प्राणी कुणाचा कोण लागतो?

चि. मुक्ता,


तुझं पत्र मिळालं. जलचर, भूचर, नभचर असे तीन रकाने आखून तू प्राणी वाटून टाकलेस आणि वटवाघूळ घारीशेजारी जाऊन बसलं. कोण कुठे राहतं हे सांगायला तुझे रकाने ठीक आहेत. पण शास्त्रज्ञ प्राण्याचा पत्ता विचारत नाहीत; तो कुणाचा कोण लागतो, ते विचारतात. वटवाघळाच्या अंगावर केस असतात, मादी पिलाला दूध पाजते. म्हणजे ते सस्तन, तुझ्यामाझ्या गटातलं.

देवमासाही त्यातलाच. स्वीडनच्या कार्ल लिनियसनं १७३५ साली सजीवांची मांडणी छापली, तेव्हा देवमासा माशांत होता. १७५८च्या दहाव्या आवृत्तीत त्यानंच तो उचलून सस्तनांत ठेवला. तेव्हा खोडरबर वापरायला तू मुळीच लाजू नकोस.

खरी गंमत मात्र आपल्या कोकणातल्या ओल्या मातीत आहे. गांडूळ, देवगांडूळ आणि वाळा. तिघेही लांबट, बिनपायांचे, मातीत राहणारे. घाईत बघशील तर सख्खी भावंडं वाटतील.

गांडुळाच्या अंगात एकही हाड नाही. ते जळवेच्या नात्यातलं. देवगांडुळाच्या अंगावरही तशीच वलयं दिसतात, पण आत पाठीचा कणा आहे, जबडा आहे, दातसुद्धा आहेत! कातडी ओलसर, वरून खवले न दिसणारी. ते बेडकाचं नातेवाईक, म्हणजे उभयचर. डोळे अगदी बारीक. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक इवलीशी स्पर्शिका असते, तिनं ते मातीत चाचपत जातं. वाळ्याच्या अंगावर मात्र चकचकीत खवले असतात. तो चक्क साप आहे, बिनविषारी. मुंग्या-वाळवीची अंडी, अळ्या खातो. कुंडीखाली नेहमी सापडणाऱ्या वाळ्यांत तर सगळ्या माद्याच असतात. नराशिवाय अंडी घालतात आणि त्यांतून पुन्हा माद्याच निघतात.

मग तिघे सारखे का दिसतात? मातीत घुसून राहायचं तर पायांची अडचणच. राहणी सारखी म्हणून रूप सारखं, नातं नव्हे. अलीकडे शास्त्रज्ञ डीएनएवरूनही नाती जुळवतात. त्यात देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा निघाला आणि मगर पालीपेक्षा पक्ष्यांना जवळची ठरली. मगर आणि चिमणी! मला अजून ते पचलेलं नाही, पण पुरावा तसा आहे.

गणपतीला येशील तेव्हा अंगणात बघू. हातात मात्र काही उचलायचं नाही. मण्यारीचं पिल्लूही बारीकच असतं. आणि देवगांडूळ दिसलं की लोक साप समजून ठेचतात. बाबाला तेवढं बजावून ठेव, फावडं उचलण्याआधी मला हाक मारायची.

तुझी,
आत्या